उभ्यानं घालायचं गाऱ्हाणं

देवाशी कसं बोलावं हे अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात फक्त एका माणसाला कळतं, आणि तो माणूस माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे. हे माझं मत नव्हे, त्यांचंच आहे; पण गेली तीस-पस्तीस वर्षं ते इतक्या शांतपणे आणि इतक्यांदा सांगत आलेत की आता ते मलाही पटल्यासारखं वाटतं. संगमेश्वरच्या अलीकडे हायवे सोडून आत वळलं की त्यांचं गाव. तिथे ग्रामदेवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याकडे आहे. गाऱ्हाणं म्हणजे हातात नारळ धरून, उभं राहून, साऱ्या गावाच्या वतीनं देवाला मोठ्यानं सांगायचं की बाबा रे, आमचं असं असं आहे, तू तसं तसं कर. आणि प्रत्येक मागणीनंतर मागच्या मंडळींनी ‘व्हय महाराजा’ म्हणून दुजोरा द्यायचा. इतर गावांत हे काम पाच-सात मिनिटांत उरकतं. आमच्या भाओजींनी नारळ हातात घेतला की जाणती माणसं आधी सावली शोधतात.

भाओजींचा सिद्धांत असा, की देव दयाळू आहे पण त्याला व्याप फार. जेवढं सांगाल तेवढंच तो करतो, पुढचं स्वतः समजून घेत बसत नाही. शेजारच्या वाडीतल्या एकाची गाय हरवली तेव्हा त्या बिचाऱ्यानं घाईघाईनं स्वतःच नारळ ठेवला आणि ‘गाय सापडू दे’ म्हणाला. तिसऱ्या दिवशी गाय सापडली, बिबट्यानं अर्धी खाल्लेली. भाओजी त्याच्या सांत्वनाला गेले, चहा घेतला आणि उठताना म्हणाले, "जिती सापडू दे, असं म्हनायला हवं हुतं." ते स्वतः अशी चूक कधी करत नाहीत. त्यांच्या गाऱ्हाण्यात पाऊस नुसता पडत नाही. तो लावणीला पडतो, कापणीला थांबतो, आणि पडायचंच झालं तर भारे खळ्यात आल्यावर पडतो. मुंबईला कामाला असलेल्या मुलांची नावं ते राहत्या उपनगरासकट घेतात, कारण गावात एकाच नावाचे तिघे आहेत आणि बढती भलत्यालाच मिळायला नको. घरातही तेच. त्यांनी नुसतं पाणी मागितलेलं अक्काला आठवत नाही. ‘माठातलं, अर्धा पेला, आत्ता’ असं ते मागतात. मी रत्नागिरीहून जाताना मासे आणू का म्हणून फोन केला तर बांगड्याचे डोळे कसे असावेत इथपासून सुरुवात होते. मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला, पण जागेची इतकी काटेकोर वर्णनं मी कधी मुलांकडून करून घेतली नाहीत. शिमग्याला देवाची पालखी घरोघर फिरते, दर दारात गाऱ्हाणं होतं, आणि साऱ्या गावाचं मोठं गाऱ्हाणं भाओजींच्या अंगणात. पालखी तिथे आली, उन्हानं डोकं तापलं, आणि भाओजी अजून पाणंदीच्या अलीकडच्या घरांवरच आहेत, असं झालं की मी अक्काच्या कानात ‘आटपा म्हणावं त्यांना’ असं पुटपुटायचो. अक्का म्हणायची, "मी चाळीस वर्षं उभी आहे, तुला काय झालं?"

असा हा चोख माणूस आपल्याच दुखण्यात मात्र मोघमपणानं फसला. एका वर्षी भातकापणीच्या सुमारास त्यांची पाठ दुखायला लागली. गावात पाठ दुखली की ती उसणच असते. दुसरं काही असायची पद्धत नाही. तरी भाओजी नियमाचे पक्के, म्हणून त्यांनी देवळात जाऊन कौल लावला. गुरव देवाच्या अंगावर फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतो, आपण प्रश्न विचारायचा. उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. भाओजींनी विचारलं, "गेल्या शिमग्यात पालखी नाचवताना पाठीत उसण भरली हुती, ती भरली हुती का नाय?" उजवी पाकळी टपकन पडली. उसण भरली होतीच, देव तरी काय करणार. मग तीन महिने तेल चोळणं झालं, मिठाच्या पुरचुंडीनं शेकणं झालं, पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलेल्या, माणसाची लाथ खाऊन झाली. संध्याकाळी कणकण यायची ती कापणीच्या दगदगीवर गेली, आणि अंगावरचा सदरा सैल झाला तो अक्काच्या शिवणावर गेला. पौषात ते काजूच्या बागेत गवत बेणायला गेले आणि तिथेच बसले ते उठलेच नाहीत. पाय जागेवर होते, पण त्यांचं ऐकत नव्हते. चौघांनी त्यांना खुर्चीत घालून रस्त्यापर्यंत आणलं.

रत्नागिरीत फोटो निघाले, मोठ्या यंत्रात घालून झालं, आणि डॉक्टरांनी सांगितलं की मणक्याचा टीबी आहे. अक्कानं लगेच विचारलं, "पण ह्यांना खोकला कुठाय?" हा प्रश्न पुढे आम्हाला भेटायला आलेल्या प्रत्येक माणसानं विचारला आणि प्रत्येकाला तो आपल्यालाच सुचल्यासारखा वाटला. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की हा जंतू फुप्फुसात बसतो तसा कधी हाडातही बसतो. त्यानं दोन मणके पोखरलेत, तिथला पू मज्जारज्जूला दाबतोय आणि म्हणून पाय गेलेत. ऑपरेशनला कोल्हापूरला न्यायचं ठरलं. तिथले सर्जन आदल्या दिवशी येऊन खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काळजी करू नका, तुम्ही बरे व्हाल." भाओजी उताणे पडल्या पडल्या म्हणाले, "बरे म्हंजे काय काय?" मला वाटलं, आता हे डॉक्टर चिडणार. पण ते स्टूल ओढून बसले आणि जरा विचार करून म्हणाले, "जगाल. बसाल. उभे राहाल असं मला वाटतं. चालाल की नाही ते आज सांगता येणार नाही, आणि सांगितलं तर ते खोटं ठरेल." ते गेल्यावर मला रडू आवरेना. भाओजींच्या चेहऱ्यावर मात्र कित्येक दिवसांनी समाधान होतं. "मानूस जानता हाय," ते म्हणाले. "मोघम बोलत नाय."

पाठीत सळ्या बसवून भाओजी परत आले ते थेट आमच्या घरी. माझं घर रत्नागिरीत, तळमजल्यावर, सरकारी दवाखाना जवळ, आणि आमच्याकडे संडास घरातच आहे. गावच्या घराला दारात सात पायऱ्या. पलंग पुढच्या खोलीत आला, अक्का आली, प्लास्टिकचा एक जाड पट्टा आला, जो त्यांना छातीपासून कमरेपर्यंत बांधून मगच बसतं करायचं. औषधं सुरू झाली तशी लघवी शेंदरी व्हायला लागली. ते औषधाचंच लक्षण, पण कुणी आधी बोललं नव्हतं. भाओजी दोन दिवस कुणाला काही न सांगता आपला शेवट जवळ आला असं धरून चालले होते. खुलासा झाल्यावर त्यांनी नर्सला शांतपणे म्हटलं, "सांगायला हवं हुतं." पुढे दवाखान्यात खुर्चीवरून नेलं की तिथल्या बाकावर बसलेल्या प्रत्येक नव्या रोग्याला ते न विचारता सांगायचे की बाबा, उद्यापासून रंग बदलेल, घाबरू नकोस. त्यांचे गावचे एक चुलत भाऊ नाकावर रुमाल धरून भेटायला आले, तेव्हा भाओजी म्हणाले, "माझा हाडात हाय. तुझ्या अंगावर उडायला आधी माझं हाड उडायला लागंल."

हे चुलत भाऊ म्हणजे भाओजींच्या डोळ्यांत सलणारं कुसळ. माणूस भला, पण घाईचा. त्या शिमग्याला भाओजी, म्हणजे गावचे तात्या, पलंगावर, तेव्हा नारळ ह्या चुलत भावाच्या हाती गेला. आम्ही फोनवर ऐकत होतो. त्यांनी साऱ्या गावाचं गाऱ्हाणं एका दमात उरकलं: "सगल्यांचं बरं कर, आनि आमच्या तात्याला पायावर उभा कर." मागून जोरात ‘व्हय महाराजा’ आलं आणि ढोल सुरूही झाला. मुंबईहून आलेली पोरं खूश होती, म्हणे. पहिल्यांदाच पालखी वेळेवर फिरली. गावकीचं म्हणणं मात्र सरळ होतं आणि ते त्याच संध्याकाळी फोनवर आलं: तात्या पुढच्या शिमग्याला उभे राहिले तर मान त्यांचा, नाही तर कायमचा चुलत भावाचा. कारण गाऱ्हाणं उभ्यानं घालायचं, दोन पायांवर, कशाला न टेकता. हा नियम भाओजींच्याच आजोबांचा. "टेकून बोललं तर देवाला वाटतं, ह्याला काय घाई नाय," असं ते सांगत. भाओजींनी फोन माझ्या हातात दिला आणि भिंतीकडे तोंड केलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

चैत्रात, दोन महिन्यांच्या मेहनतीनंतर, भाओजी वॉकर धरून उभे राहिले. आम्ही पेढे आणले. पण पाऊल काही उचलेना. आठवडा गेला, दुसरा गेला. उभे राहत, गुडघे लटपटत, आणि पाय जमिनीला खिळल्यासारखे. डॉक्टर म्हणाले, मज्जारज्जूला वेळ लागतो. भाओजींचं निदान वेगळं होतं. "उभा कर म्हनाला ना तो? देवानं उभा केला. चालता कर म्हनाला का? नाय. मग?" माझ्या बायकोनं हसू दाबत विचारलं, की आता दुरुस्ती करता येत नाही का. भाओजींनी तो प्रश्न गंभीरपणे घेतला आणि गुरवाला फोन लावून सुधारित मजकूर सांगायला सुरुवात केली. तो इतका लांबला की गुरव म्हणाला, "तात्या, फुलं सुकतील."

नेमक्या त्याच आठवड्यात फिजिओथेरपीसाठी एक चिपळूणची मुलगी यायला लागली. हसरी, पण हाताची कडक. पहिल्या दिवशी तिनं वही काढून विचारलं, "काका, तुम्हाला काय काय करता यायला हवंय?" इतकी वर्षं भाओजी ज्या प्रश्नाची वाट बघत होते तो हाच असावा. त्यांनी डोळे मिटले आणि सांगायला लागले: पलंगावर कुशीवर वळायचं, कुणाला हाक न मारता. पलंगावरून संडासापर्यंत जायचं, आपल्या पायांनी, आणि दार आतून आपणच लावून घ्यायचं. लेंगा आपला आपण चढवायचा. सात पायऱ्या चढायच्या आणि उतरायच्या, त्यातलं उतरणं आधी शिकवायचं. आणि शिमग्याला हातात नारळ घेऊन अंगणात उभं राहायचं, कशाला न टेकता, गाऱ्हाणं संपेपर्यंत. मुलगी भराभर लिहून घेत होती. म्हणाली, लोक नुसतं ‘पहिल्यासारखं करा’ म्हणतात, त्याचं काय करायचं तेच कळत नाही. तुमच्यासारखा पेशंट मला मिळाला नव्हता. मग तिनं विचारलं, "गाऱ्हाणं किती मिनिटांचं?" अक्का आतून म्हणाली, "बाई, तू चहा घे आधी."

तेव्हापासून आमच्या पुढच्या खोलीत भाओजींचं बरं होणं मिनिटांत नव्हे, गाऱ्हाण्यात मोजलं जाऊ लागलं. ती मुलगी कमरेचा पट्टा मागून धरून उभी राही, भाओजी वॉकर सोडत आणि गाऱ्हाणं सुरू करत. गुडघे जिथे हार खातील तिथवर त्या दिवसाची मजल. वैशाखात ते देवाची नावं घेईपर्यंतच टिकत. ज्येष्ठात पहिल्या तीन वाड्या झाल्या. पाऊल उचललं ते आषाढात, उजवं आधी, आणि तेही कुणाचं लक्ष नसताना. बायको दूध तापवत होती, तिला हाक आली, "वैनी, आलो बगा," तर भाओजी वॉकरसकट स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी. ज्या दिवशी त्यांनी संडासाचं दार आतून लावून घेतलं त्या दिवशी आम्ही तिघं बाहेर, कडी वाजल्याचा आवाज ऐकून, एकमेकांकडे वेड्यासारखे बघत राहिलो. अक्कानं पदर डोळ्यांना लावला. ती मुलगी तर इतकी रमली की प्रत्येक वाक्याला मागून ‘व्हय महाराजा’ म्हणायला शिकली, आणि शेजारचे एकदा दार वाजवून, तुमच्याकडे सत्यनारायण आहे का, असं विचारून गेले.

सगळं असं हसतखेळत झालं असं मात्र नाही. श्रावणात अंगात जरा ताकद आली तसे भाओजी गोळ्यांना कंटाळले. त्या पोटात जळजळत, तोंडाला चव नसे, आणि अजून वर्षभर घ्यायच्या होत्या. गोळ्या थांबवाव्या का, असा कौल लावायचं त्यांच्या मनात आहे हे अक्कानं ओळखलं आणि गुरवाला आधीच सांगून ठेवलं की ह्यांचा फोन आला तर फुलं मिळत नाहीत म्हणा. श्रावणात फुलं मिळत नाहीत हे ऐकून भाओजी दिवसभर विचारात पडले होते. आणि भाद्रपदात एका दुपारी ते न्हाणीघरात घसरले. काही मोडलं नाही, पण मी उचलायला गेलो तर माझा हात धरून तसेच ओल्या फरशीवर बसून राहिले. "बाळ," ते म्हणाले, "देव काय ऐकत नसंल तर मानसानं कुनाला सांगायचं रे?"  मी त्यांच्या शेजारी फरशीवर बसलो. त्यांचा दंड किती बारीक झालाय ते मला त्या दिवशी हाताला लागलं, आणि मी मनात पहिल्यांदाच, कुठलीही भाषा न जुळवता, ह्या माणसासाठी देवाकडे काहीतरी मागितलं.

दिवाळीनंतर ते काठीवर आले. माघात गावी गेले, सात पायऱ्या चढले. मी मागे होतो, पण हात लावायला मला बंदी होती. पाठीत किंचित पोक राहिलं. डावा पाय जरा ओढतो तसा ओढतच राहील, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. नांगर नाही, ओझं नाही, पालखीला खांदा तर नाहीच.

शिमग्याला पालखी दुपारी अंगणात आली. चुलत भाऊ जवळच उभे होते, नारळ हातात तयार ठेवून, आणि खोटं कशाला सांगू, त्यांच्या चेहऱ्यावर काळजीच होती. भाओजींनी काठी माझ्याकडे दिली. नारळ घेतला. पायांत थोडं अंतर ठेवलं, जसं त्या मुलीनं शिकवलं होतं, आणि सुरुवात केली. देवाची नावं झाली. वाड्या झाल्या. पोरं उन्हात या पायावरून त्या पायावर होत होती. पाऊस लावणीला पडला, कापणीला थांबला. मी त्यांच्या गुडघ्यांकडे बघत होतो. पस्तीस वर्षं हे गाऱ्हाणं संपायची वाट बघितलेला मी, ते संपू नये म्हणून मनातल्या मनात विनवत होतो. कारण ते चालू होतं तोवर भाओजी उभे होते. मुंबईची उपनगरं झाली. मग गावातल्या आजाऱ्यांची नावं आली, एकेकाचं दुखणं, कुठला पाय, कुठला डोळा. शेवटी त्यांच्याच नावाची पाळी आली आणि भाओजी थांबले.

 डावा गुडघा थरथरायला लागला होता. आता ते चालण्याचं अंतर सांगणार, पायऱ्या सांगणार, काठी कुठल्या महिन्यात सुटावी ते सांगणार, असं मला वाटलं. त्यांनी नारळ जरा वर उचलला. "आनि माझं," ते म्हणाले, "तुला ठावं हाय, महाराजा." मागची मंडळी क्षणभर गोंधळली, आणि मग सगळ्या अंगणानं एका आवाजात ‘व्हय महाराजा’ म्हटलं. अक्का माझ्याकडे बघत होती. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं त्यांना एवढं मोघम बोलताना ऐकलं नव्हतं.

पालखी उठली. दरवर्षी भाओजी तिच्याबरोबर वाडीतली सगळी वीस घरं फिरत. आता त्यांनी नारळ चुलत भावाच्या हातात ठेवला आणि म्हणाले, "फुडच्या घरापासनं तू. म्हातारी मानसं ऱ्हायली तर नावं घे, येवढंच." चुलत भाऊ वाकून पाया पडले. ढोल पाणंदीनं खाली गेला. मी खुर्ची आणली तसे भाओजी तिच्यात बसले, पायांवर हात ठेवून. त्यांच्या कपाळावर घाम होता. मी विचारलं, जीपनं जायचं का मागोमाग. त्यांनी मान हलवली.

थोड्या वेळानं खालच्या घरी ढोल थांबला. म्हणजे गाऱ्हाणं सुरू झालं होतं. एवढ्या लांबून चुलत भावाचा एक शब्द कळत नव्हता. त्यांनी काय मागितलं, कुणासाठी मागितलं, जितं मागितलं की नाही, काहीच ऐकू येत नव्हतं. फक्त शेवटी सगळ्यांचा मिळून ‘व्हय महाराजा’ शेतावरून वर आला. खुर्चीत बसल्या बसल्या भाओजींनी हात जोडले आणि हळू आवाजात म्हटलं, "व्हय महाराजा." मग मीही म्हटलं.